खूण माझी आहे

माणसांची पारख असल्याचं सांगणारे मला पुष्कळ भेटले. त्यातल्या निम्म्यांनी स्वतःच्या मुली चुकीच्या घरी दिल्या. लोखंडाची पारख असणारा माणूस मात्र मला एकच भेटला, रंगनाथ खरात. आम्ही त्यांना खरात मामा म्हणायचो. मामा गेले त्याला या दिवाळीत वर्ष होईल. शेवटी ते आष्टीला, आपल्या गावी होते आणि मी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्यात अडकले होते. मातीला जाता आलं नाही. ते मला अजून लागून राहिलंय, आणि लागून राहिलेल्या गोष्टीवर मला दुसरा कुठला उपाय येत नाही, म्हणून लिहायला बसले.

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी पत्रव्यवहार बघायचे. कारखाना शेतीच्या यंत्रांचा. कडबाकुट्टीची चाकं, मोटारीच्या पुल्या, असलं बिडाचं ओतकाम. एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला रंगाची शेड, आणि मधे एका टेबलापाशी मामा. भट्टीतून निघालेला प्रत्येक तुकडा आधी घासून साफ व्हायचा, मग मामांच्या हातात यायचा, आणि मामांनी त्यावर ‘र’ असा ठसा मारला तरच रंगाला पुढे जायचा. बुटका माणूस, चष्म्याच्या काडीला दोरा, शर्टाच्या खिशात सायकलचा एक घासून टोकदार केलेला आरा. तो आरा ते तुकड्याच्या अंगात कुठेकुठे टोचून बघत. आत पोकळी असली की आरा रुतायचा. रुतला की मामा त्या तुकड्याकडे अशा काही नजरेनं बघत की जणू त्याचंच काही दुखतंय.

त्यांनी एखाद्या तुकड्याला खराब म्हटलेलं मी ऐकलं नाही. साच्यात लोखंडाचा रस पुरता पोचला नसेल तर ते म्हणत, ‘हा उपाशी राह्यला.’ साच्याच्या दोन पेट्या सरकल्या असतील तर, ‘ह्याच्या मायबापाचं पटलं न्हाई.’ आणि भोकात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, वरून घासून गुळगुळीत केलेला तुकडा आला तर मात्र आवाज उतरायचा. ‘हा लपवलेला हाय.’ एवढंच बोलून ते तो बाजूला ठेवत.

जी वस्तू हातात येईल ती उलटी करून बघायची त्यांना खोड होती. लग्नाच्या पंगतीत ताट वाढायच्या आत उलटं. चहाच्या टपरीवर किटली उलटी करायला निघाले होते, टपरीवाल्यानं हात धरला. मी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाले, ‘ताई, वरनं समदे गोरेच असत्यात. बनवनारा खालच्या बाजूला सापडतो.’

एकदा अंबडकडचा एक दुकानदार फुटलेली पुली घेऊन आमच्या ऑफिसात आला आणि आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला. मी मामांना बोलावलं. मामांनी पुली घेतली, अंगठा फिरवला आणि शांतपणे म्हणाले, ‘ही आमची न्हाई.’ दुकानदार भडकला, पुराव्याचं विचारू लागला. मामांनी आमची एक पुली आणून शेजारी ठेवली. ‘आता डोळे मिटा न् दोन्हीवर हात फिरवा. आमची वाळू बारीक हाय. ह्या पुलीची कातडी जवारीच्या भाकरीवानी खरबरीत हाय, म्हंजे साचा जाड वाळूचा. आन् हे बघा, रस जिथून ओतला तिथलं देठ हातोडीनं तोडलंय. आमी कापतो.’ दुकानदार डोळे मिटून चाचपत राहिला. मग त्यानं चहा मागितला आणि निघताना मामांना विचारलं, की आपल्या दुकानात येऊन बाकीचा मालही एकदा बघाल का. मामा पुढच्या रविवारी खरंच गेले.

जालन्यातच, आमच्या मस्तगडच्या घरी ते एकदाच जेवायला आले आणि तेवढ्यात माझ्या नवऱ्याशी त्यांचं कायमचं बिनसलं. नवऱ्यानं हौसेनं बिडाचा नवा तवा आणला होता आणि तो कौतुकानं मामांपुढे धरला. मामांनी तो उलटा केला. मी मनात म्हटलं, झालं. ‘ह्याच्या पोटात हवा हाय,’ मामा म्हणाले. ‘हितं, कडेला. चार महिन्यांत तडकंल.’ तवा तिसऱ्या महिन्यात तडकला. नवऱ्यानं त्याचा दोष माझ्या गॅस मोठा ठेवण्याला दिला आणि मामांचा विषय घरात बंद झाला. चांगल्या पारख्याला पाहुणा म्हणून बोलावू नये, हे मी तेव्हा शिकले.

पण मामा नुसतं लोखंड बघत नव्हते. तुकडा बघून तो बनवणाऱ्यापर्यंत पोचायची त्यांना सवय होती. एका पावसाळ्यात सलग आठवडाभर उपाशी तुकडे येऊ लागले. दुसऱ्या कुणी शेठकडे तक्रार केली असती. मामा ते तुकडे ओळीनं मांडून दुपारभर त्यांच्यासमोर बसले आणि मग भट्टीवर लक्ष्मण नावाचा रस ओतणारा होता, त्याच्यापाशी गेले. ‘तुझा हात मधेच थांबून राह्यला. घरी काय झालंय?’ लक्ष्मणची बायको दवाखान्यात होती. रात्री तिच्यापाशी बसून तो सकाळी भट्टीवर यायचा. मामांनी शेठला सांगून त्याला चार दिवस सुट्टी मिळवून दिली आणि त्या तुकड्यांचं कारण कागदावर ‘रस थंड’ एवढंच लिहिलं. मी म्हटलं, ‘मामा, हे अर्धंच खरं आहे.’ ते हसले. ‘ताई, तुकडा खोटं बोलत न्हाई. मानूस बोलतो, कारन मानसाला घर असतं.’

त्यांची खरी ख्याती होती ती कानाची. डोळ्यांनी बघून झालं, आरा टोचून झाला की ते तुकडा तारेला टांगत आणि छोट्या हातोडीनं एकदाच ठोकत. चांगला तुकडा घंटेसारखा वाजतो. आत चीर असली, किंवा लांबी भरलेली असली, की भद्द आवाज येतो. लांबीत लोखंडाचा कीस कालवून घासणारी पोरं ती इतकी बेमालूम भरत, की डोळ्यांना कळत नसे. पण मामांच्या कानाला कुणी फसवू शकत नाही, असं सगळ्या कारखान्यात म्हणत. मामा ठोकत, मान जराशी वाकडी करत, डोळे बारीक करत, मग ठसा मारत. हे मी खिडकीतून वर्षानुवर्षं बघितलं. पाहुणे आले की शेठ मुद्दाम त्यांना ते बघायला घेऊन जात.

मग ती गोणी आली.

घनसावंगीजवळच्या एका गावात सुमित्रा नावाची सून कडबाकुट्टीवर काम करत होती. मोटार चालू असताना कुट्टीचं चाक तुटलं आणि तिचा उजवा हात कोपराखाली गेला. चाक आमच्या कारखान्याचं होतं. दोन महिन्यांनी तिचा भाऊ त्या चाकाचे तुकडे आणि दोन्ही पाती खताच्या गोणीत घालून, एसटीनं, आमच्या ऑफिसात घेऊन आला. त्याआधी तिच्या घरच्यांनी एक तक्रार पाठवली होती आणि शेठनं सांगितल्यावरून तिचं उत्तर मी टाईप केलं होतं. वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे, जास्त कडबा कोंबल्यामुळे किंवा दगड गेल्यामुळे अपघात झाला असावा, असं. तीन ओळी. मला त्या लिहायला दोन मिनिटंही लागली नव्हती, हे इथे कबूल केलं पाहिजे.

ते पत्र भावानं खिशातून काढून टेबलावर ठेवलं. ‘ह्या कागदानं लई नुकसान केलं, मॅडम,’ तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. ‘तिची सासू आल्यागेल्याला हेच सांगून राह्यली. कंपनीनंच लिहून देलं म्हनं, हिचंच ध्यान नव्हतं. ही वेंधळीच हाय म्हनं. आता तिला माहेरी धाडायचं चाललंय त्यांचं, जावायाचं दुसरं लगीन करायचं बोलून राह्यले. भरपाईचं नंतर बघू. मला कागद पायजे. तिची चूक न्हाई एवढं खरं असंल तर लिहून द्या. खोटं नको.’

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी भावाला पाणी दिलं, चहा दिला आणि मामांना बोलावून म्हणाले, ‘मामा, हे तुकडे बघा आणि दोन ओळी लिहा.’ कुठल्या दोन ओळी, ते मामांना समजेल असं त्यांनी धरलं होतं. मीही धरलं होतं.

मामांनी गोणी टेबलावर रिकामी केली. तीन दिवस त्यांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा त्यांनी मला खुणेनं बोलावलं.

‘हे बघा, ताई.’ चाकाचा आरा मधल्या भागाला जिथे जोडलेला असतो तिथून तो तुटला होता. तुटलेल्या जागेचा एक भाग साखरेसारखा चमकत होता आणि दुसरा गुळगुळीत, काळपट, कडेला गोलसर. ‘हे चमकतं ते त्या दिवशी तुटलं. हे काळं कधी जुळलंच नव्हतं. रस दोन्ही अंगानं आला, पन थंडा. भेटला, मिळाला न्हाई. ओतनारा थांबला असंल मधी. आन् ही वरची फट लांबी भरून बुजवली.’ त्यांनी खिशातला टोकदार आरा काढून तिथे टोचला. हिरव्या रंगाखालून करडी भुकटी सांडली. ‘पाती बघा, खाच न्हाई. दगड गेला असता तर खाच पडली असती. जास्तीचा कडबा घातला तर पट्टा घसरतो, चाक असं तुटत न्हाई. त्या बाईची बिलकुल चूक न्हाई.’

‘मग पास कसं झालं हे?’ मी विचारलं. विचारताना माझं तोंड गोणीकडे होतं. मामा काहीच बोलले नाहीत. मी वळून पुन्हा विचारलं.

त्यांनी चाकाचा मधला भाग उलटा केला. तिथे रंगाखाली ‘र’ होता.

‘मला ऐकू येत न्हाई, ताई,’ मामा म्हणाले. ‘दोन वर्सं झाली.’

दोन वर्षं मामा मोठ्यानं बोलत होते आणि आम्ही म्हणत होतो, वयानं चिडके झाले. दोन वर्षं ते भिंतीकडे पाठ करून, सगळ्यांची तोंडं दिसतील असे बसत होते. आणि दोन वर्षं ते टांगलेला तुकडा ठोकत होते, मान वाकडी करत होते, डोळे बारीक करत होते आणि ठसा मारत होते. ‘हाताला थरथर कळायची,’ ते म्हणाले. ‘मोठी चीर असली तर बराबर कळायची. वाटलं, तेवढ्यावर भागंल. निवृत्तीला तीन वर्सं राहेल होती, पोरगी नर्सिंगला. भट्टीनंच कान खाल्ले, पन कान गेले म्हनलं असतं तर टेबलावर कोन ठेवतं? आधी मीच लपवलेले तुकडे हुडकायचो. मंग मीच तसला झालो.’

आता मी जे केलं ते सांगते. मी त्यांना गप्प राहायला सांगितलं. त्यांना दिसेल असं तोंड समोर धरून, एकेक शब्द तोडून सांगितलं, की मामा, चाकाचा दोष लिहा, बाईला निर्दोष म्हणा, पण ठशाचं लिहू नका. ठसा रंगाखाली आहे. कोण बघतंय? मला तेव्हा हा मोठा शहाणपणाचा सल्ला वाटला होता.

मामांनी माझं सगळं बोलणं ओठांवरून नीट वाचलं. मग म्हणाले, ‘पास झालेलं चाक वाईट कसं, असं तिची सासू इचारंल. मंग काय सांगायचं? अर्ध्यानं ती सुटत न्हाई. तुमी लिहा, मी सांगतो. सोपं लिहा. सासूला कळलं पायजे.’

मी लिहिलं. दोन प्रती केल्या. एक त्यांनी खिशात घातली, दुसरी शेठच्या टेबलावर ठेवली. शेठनं वाचली आणि चष्मा काढला. मग म्हणाले, ‘मामा, तुम्ही घरचे. हे मागे घ्या.’ मामांना ते ओठांवरून कळलं नसेल, किंवा कळलं असेल. त्यांनी खिशातला ठसा काढून त्या कागदावर ठेवला, नमस्कार केला आणि डबा घेऊन फाटकाबाहेर पडले. सत्तावीस वर्षं ज्या फाटकातून ये-जा केली त्यातून जाताना वॉचमन काहीतरी म्हणाला, तेही त्यांना कळलं नाही. मी खिडकीत उभी राहून रडले. त्यांच्याबरोबर चार पावलं चालत जायचं धाडस मला झालं नाही.

रविवारी सकाळी ते मस्तगडला आमच्या दारात उभे होते. धुतलेला पांढरा सदरा, हातात पिशवी. ‘कागद पोस्टानं धाडला तर सासू चुलीत घालंल. मी जाऊन वाचतो. पन तिथं कोन काय बोललं ते मला कळनार न्हाई. तुमी येता का?’ नवरा पेपरमागून बघत होता. तव्याच्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच तो मामांशी बोलला. म्हणाला, ‘चहा घेऊन निघा.’

घनसावंगीपर्यंत एसटी आणि पुढे वडापची जीप. वाटेभर दोन्ही बाजूंना ऊस. मामा कागद खिशातून काढायचे, ओठ हलवत वाचायचे आणि परत ठेवायचे. मी त्यांना विचारणार होते, भीती वाटते का. पण जीपमध्ये तोंड समोर धरून तसलं विचारणं बरं दिसलं नाही.

अंगणात सासू तूर निवडत बसली होती. शेजारी दीर. ओट्याच्या कडेला ती कडबाकुट्टी, चाकाविना, गोणपाटानं झाकलेली. कंपनीचे लोक म्हटल्यावर सासूनं चटई टाकली आणि लगेच सुरुवात केली, ‘आमी तिला सारखं म्हनायचो, जल्दी करू नको, पदर सांभाळ.’ दाराच्या आत, अर्ध्या अंधारात, सुमित्रा उभी होती. उजव्या खांद्यावरून पदर पुढे ओढलेला. वय फार तर पंचवीस. तिच्याकडे बघून मला माझ्या तीन ओळी आठवल्या आणि मी खाली बघितलं.

मामा चटईवर बसले नाहीत. उभे राहिले, कागद काढला आणि वाचायला लागले. ऐकू न येणारा माणूस स्वतःचा आवाज मोजू शकत नाही. ते इतक्या मोठ्यानं वाचत होते की पलीकडच्या घरातल्या बाया भिंतीपाशी आल्या, गल्लीतून जाणारा एक म्हातारा थांबला.

‘मी रंगनाथ खरात. हे चाक आमच्या कारखान्यात ओतलं. ओतताना रस थंड झाला होता, त्यामुळे आऱ्याच्या मुळाशी लोखंड एकजीव झालं नाही. तिथे लांबी भरून वर रंग दिला. हे चाक कुणी कितीही जपून चालवलं असतं तरी तुटलंच असतं. कडबा जास्त झाल्यानं चाक असं तुटत नाही. दगड गेला नव्हता, पाती साफ आहेत. हे चाक तपासून मी पास केलं. त्यावर खूण माझी आहे. मला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही आणि ते मी लपवलं. सुमित्राबाईंची यात काही चूक नाही. चूक माझी आहे.’

सासूच्या सुपातली तूर तशीच राहिली. मग ती म्हणाली, ‘आमी कुठं तिला काय म्हनलं?’ भिंतीपलीकडून एक बाई हसली, कडवट. मामा सासूच्या ओठांकडे बघत होते, पण ती मान खाली घालून बोलली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात अंगणाच्या तोंडाशी मोटारसायकल थांबली. सुमित्राचा नवरा मळ्यातून गवताचा भारा घेऊन आला होता. गोळा झालेली माणसं, परका म्हातारा, हातातला कागद, हे सगळं बघून तो भारा न उतरवताच उभा राहिला. आई उठून त्याच्याकडे निघाली.

‘ताई,’ दारातून आवाज आला. मी पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकत होते. ‘आमच्या ह्यांनी ऐकलं न्हाई. त्या बाबाला म्हना, पुन्यांदा वाचा.’

मामांना ते ऐकू आलं नव्हतं. मी त्यांच्यापाशी गेले आणि कागदाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग गवताच्या भाऱ्यापाशी उभ्या असलेल्या त्या तरुण माणसाकडे. त्यांनी चष्मा सारखा केला, त्याच्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, ‘मी रंगनाथ खरात.’ सुमित्रा उंबरा ओलांडून अंगणात आली आणि सगळं वाचून होईपर्यंत तिथेच उभी राहिली.